मीठ गेलं कुठे?

सकाळची वेळ आहे. चोविशीतला एक तरुण पाण्याचं भांडं घेऊन वडिलांसमोर उभा आहे. आदल्या रात्री वडिलांनी त्याच्या हातात मिठाचा खडा दिला होता आणि तो या पाण्यात टाकून ठेवायला सांगितलं होतं. आता ते म्हणतात, काल टाकलेलं मीठ मला काढून दे. तरुण पाण्यात हात घालतो, तळ चाचपतो, कडेकडेने बोटं फिरवतो. हाताला काहीच लागत नाही. १२ वर्षं गुरूच्या घरी राहून सगळे वेद शिकून आलेल्या या मुलाला एक मिठाचा खडा सापडत नाही.

मग वडील त्याला पाणी चाखायला लावतात. आधी वरचं, मग मधलं, मग तळाचं. तिन्ही वेळा उत्तर एकच येतं: खारट. वडील म्हणतात, आता ते टाकून दे आणि माझ्याजवळ ये.

छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातला हा प्रसंग. वडिलांचं नाव उद्दालक आरुणी, मुलाचं श्वेतकेतू. बहुतेक अभ्यासक हे उपनिषद इ.स.पू. आठव्या ते सहाव्या शतकाच्या सुमाराचं मानतात. विश्वाच्या मुळाशी काय आहे, या प्रश्नाला भारतात दिल्या गेलेल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत धीट उत्तरांपैकी एक उत्तर या बापलेकांच्या संवादात आहे. त्या उत्तरावर पुढे हजारो पानांची भाष्यं लिहिली गेली, मठ उभे राहिले, वाद झडले. पण मुळात ते उत्तर माती, मध, दही, वडाचं फळ आणि मीठ यांच्या भाषेत दिलं गेलं. परमतत्त्वाचं नाव ऐकलं की आपली नजर आपोआप वर, आभाळाकडे जाते. उद्दालकाने मुलाची नजर हातातल्या भांड्याकडे वळवली. या प्रकरणात आपण त्या नजरेच्या मागोमाग जाणार आहोत.

शिकून आलेला मुलगा

श्वेतकेतू १२ वर्षांचा असताना वडिलांनी त्याला शिकायला पाठवलं. आपल्या घराण्यात नुसता जन्माने ब्राह्मण म्हणवून घेणारा कुणी झालेला नाही, असं त्यांनी त्याला बजावलं होतं. मुलगा २४व्या वर्षी परतला तो ताठ मानेने. आपल्याला सगळं येतं अशा तोऱ्यात. उद्दालकाच्या हे लगेच लक्षात आलं. त्याने मुलाला रागावलं नाही, त्याची परीक्षाही घेतली नाही. फक्त एक प्रश्न विचारला: जे ऐकलेलं नाही तेही जिच्यामुळे ऐकल्यासारखं होतं, ज्याचा विचार केलेला नाही त्याचाही विचार होतो, जे माहीत नाही तेही कळतं, अशी शिकवण तू गुरूंकडे मागितलीस का?

श्वेतकेतूने असं काही कधी ऐकलंच नव्हतं. पण त्याचं मोठेपण असं की त्याने तसं कबूल केलं आणि लगेच विचारलं, ही शिकवण असते तरी कशी?

हा प्रश्न विचारणारा बाप कोण होता, हे आधी पाहू. मराठी घरांत आरुणीची एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गुरू धौम्यांच्या शेताचा बांध फुटतो, माती टाकून पाणी अडत नाही, तेव्हा आरुणी स्वतःच त्या भगदाडात आडवा होतो. महाभारताच्या आदिपर्वातली ही कथा. गुरूच्या हाकेसरशी तो बांध फोडून उठला म्हणून त्याचं नाव उद्दालक पडलं, असं तिथे सांगितलं आहे. परंपरा या आरुणीला आणि उपनिषदातल्या उद्दालकाला एकच मानते.

उपनिषदांत तो पुन्हा पुन्हा भेटतो, आणि बहुतेक वेळा शिकताना भेटतो. छांदोग्याच्याच पाचव्या अध्यायात पांचालांचा राजा प्रवाहण जैवली श्वेतकेतूला पाच प्रश्न विचारतो. मुलाला एकाचंही उत्तर येत नाही. तो घरी येऊन वडिलांवर चिडतो. वडील म्हणतात, मलाही येत नाहीत. आणि स्वतः उठून राजाकडे शिष्य म्हणून जातात. त्याच अध्यायात पाच गृहस्थ आत्म्याविषयी विचारायला उद्दालकाकडे येतात. आपल्याला सगळं सांगता येणार नाही हे ओळखून तो त्यांना घेऊन केकयांचा राजा अश्वपती याच्याकडे जातो. तू आत्मा म्हणून कशाची उपासना करतोस, असं राजा विचारतो, तेव्हा उद्दालकाचं उत्तर असतं: पृथ्वीची. राजा समजावतो की पृथ्वी म्हणजे त्या विश्वव्यापी आत्म्याचे केवळ पाय आहेत. बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत हाच उद्दालक याज्ञवल्क्याला सर्वांच्या आत राहून सर्वांना चालवणाऱ्या अंतर्यामीबद्दल विचारतो आणि उत्तर ऐकून शांत बसतो.

बांधाच्या मातीत आडवा झालेला, पृथ्वीला आत्मा मानणारा, मुलाच्या वयाच्या माणसांसमोरही नेणता व्हायला न लाजणारा हा माणूस. त्याने मुलाला पहिला दृष्टान्त मातीचा द्यावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

मातीचा गोळा

मातीचा एक गोळा नीट कळला की मातीचं सगळं कळलं, उद्दालक सांगतो. घट, परळ, रांजण ही बोलण्यापुरती वेगवेगळी नावं. खरी ती माती. मग तो सोन्याचा मणी घेतो (काही अभ्यासक याचा अर्थ तांब्याचा असा करतात) आणि शेवटी लोखंडाची नखं कापायची नराणी. कुंभाराकडून सोनाराकडे आणि तिथून न्हाव्याकडे: तीन कारागिरांच्या तीन वस्तूंतून एकच मुद्दा.

मुद्दा साधा दिसतो, पण त्यात ज्ञानाची एक नवी कल्पना आहे. श्वेतकेतूने १२ वर्षं जे केलं ते म्हणजे एकेक मडकं मोजणं. ऋचा पाठ, मग यजुस्, मग साम, मग विधी. त्या वाटेने ज्ञान वाढतं, पण संपत नाही. नवं मडकं आलं की पुन्हा पहिल्यापासून. उद्दालक म्हणतो, मडकी मोजण्याऐवजी माती ओळख. जगात दिसणाऱ्या असंख्य वस्तू ज्या एकाच गोष्टीपासून झाल्या ती गोष्ट कळली, तर न पाहिलेल्या वस्तूचंही मूळ कळलेलं असेल.

त्या गोष्टीला तो नाव देतो 'सत्'. सत् म्हणजे जे आहे ते, नुसतं असणं. इंद्र, वरुण असं कोणाही देवाचं नाव त्यासाठी तो घेत नाही. संस्कृतातल्या 'असणे' या क्रियापदातूनच त्याने विश्वाच्या मुळाचं नाव काढलं. मडकं आहे, माती आहे, मी आहे, तू आहेस. या सगळ्या वाक्यांतलं मडकं, माती, मी, तू बदलतं. 'आहे' तेवढं राहतं. उद्दालकाची सारी शिकवण या 'आहे'कडे बोट दाखवते.

आधी काय होतं?

हा प्रश्न उद्दालकाच्या आधीपासूनचा होता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं १२९वं सूक्त, ज्याला नासदीय सूक्त म्हणतात, अवघ्या ७ ऋचांचं आहे. सृष्टीच्या आधी सत् नव्हतं आणि असत्‌ही नव्हतं, इथून ते सुरू होतं आणि या सगळ्याकडे वरून पाहणारा जो कोणी आहे त्याला तरी हे ठाऊक असेल का, अशा शंकेवर थांबतं. जगातल्या प्राचीन धर्मग्रंथांत इतका मोकळा संशय क्वचितच आढळतो. लोकमान्य टिळकांना हे सूक्त फार मोलाचं वाटे. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'तल्या अध्यात्मावरील प्रकरणात त्यांनी त्याचं सविस्तर विवेचन केलं आहे.

उद्दालकाच्या काळापर्यंत या प्रश्नावर दोन मतं झाली होती. काहींचं म्हणणं, आधी असत् होतं, म्हणजे काहीच नव्हतं किंवा निदान आकाराला आलेलं काही नव्हतं, आणि त्यातून सत् झालं. हे मत परक्यांचं नव्हतं. छांदोग्याच्याच तिसऱ्या अध्यायात ते आहे, तैत्तिरीय उपनिषदातही आहे. उद्दालक ते मुलाला प्रामाणिकपणे सांगतो आणि मग विचारतो, नसण्यातून असणं येईल कसं? दुधाशिवाय दही लागत नाही. म्हणून आधी सत्‌च होतं. एकटं, दुसरं काही नसलेलं.

त्या सत्‌ने पाहिलं, विचार केला की आपण अनेक व्हावं. त्यातून तेज झालं, तेजातून पाणी, पाण्यातून अन्न. पुरावे उद्दालक शेतकऱ्याच्या अंगणातले देतो. माणूस तापला की त्याला घाम येतो, म्हणजे तेजातून पाणी. पाऊस भरपूर झाला की पीक भरपूर येतं, म्हणजे पाण्यातून अन्न. पुढे तो आगीकडे पाहायला सांगतो: तिच्यातला लाल रंग तेजाचा, पांढरा पाण्याचा, काळा अन्नाचा. हे तिन्ही वेगळे काढले तर 'आग' म्हणून उरलं काय? सूर्य, चंद्र, वीज यांनाही तो हेच माप लावतो. ज्यांना सारे देव मानत होते, त्यांचंही देवपण तीन रंगांत विरघळवून दाखवण्याचं धाडस त्याने केलं.

यातली भौतिकी आज कुणी खरी मानणार नाही, आणि मानायचं कारणही नाही. उपनिषदांत आधुनिक विज्ञान आधीच सांगितलं होतं असं म्हणणं विज्ञानावर अन्याय करतं आणि उपनिषदांवरही. मोलाची आहे ती पद्धत. समोर दिसणाऱ्या गोष्टीला विचारायचं, तू कशाची झालीस? जे उत्तर येईल त्यालाही तोच प्रश्न विचारायचा. असं मागे मागे जात राहायचं आणि जिथे प्रश्नच संपतो तिथे थांबायचं.

पंधरा दिवसांचा उपास

पुढे उद्दालक शरीराकडे वळतो. दही घुसळलं की त्यातला सूक्ष्म भाग लोणी होऊन वर येतो. तसंच खाल्लेल्या अन्नाचं होतं. स्थूल भाग बाहेर टाकला जातो, मधल्याचं मांस होतं, सगळ्यांत सूक्ष्म भागाचं मन होतं. पाण्याच्या सूक्ष्म भागाचा प्राण होतो, तेजाच्या सूक्ष्म भागाची वाणी. श्वेतकेतूला हे पटत नाही. मन आणि अन्नातून?

मग बाप त्याला एक प्रयोग करायला लावतो. माणसाचे १६ अंश आहेत असं समज. १५ दिवस काही खाऊ नकोस, पाणी मात्र हवं तेवढं पी. पाणी पिणाऱ्याचा प्राण जात नाही. मुलगा तसं करतो. सोळाव्या दिवशी वडील त्याला ऋचा, यजुस्, साम म्हणायला सांगतात. १२ वर्षं घोकलेलं काहीच आठवत नाही. उद्दालक म्हणतो, मोठ्या आगीतला काजव्याएवढा एक निखारा उरावा तसा तुझा एकच अंश उरला आहे. जा, जेवून ये. तो जेवतो आणि सगळं आठवू लागतं. निखाऱ्यावर वाळलेलं गवत घातलं की तो पेटतो, तसं.

हा प्रसंग वाचताना मला दर वेळी थबकायला होतं. ज्या विद्येचा मुलाला गर्व होता ती विद्या भाताच्या घासावर उभी आहे, हे बापाने त्याला तोंडाने सांगितलं नाही. त्याच्या स्वतःच्या पोटातून त्याला कळू दिलं. परमतत्त्वाचा शोध घेताना शरीर अडगळ आहे असं मानणाऱ्यांनी हा उपास जरूर आठवावा. इथे मन अन्नाला बांधलेलं आहे, अन्न पाण्याला, पाणी तेजाला आणि तेज सत्‌ला. उद्दालकाच्या विश्वात वरचं आणि खालचं एकाच दोरीने जोडलेलं आहे.

वडाचं बी

आता त्या मालिकेकडे येऊ, जिच्यासाठी हा अध्याय जगभर ओळखला जातो. उद्दालक एकेक दृष्टान्त देतो आणि प्रत्येकाच्या शेवटी तेच एक वाक्य उच्चारतो: हे जे सूक्ष्म आहे तोच या साऱ्या विश्वाचा आत्मा, तेच सत्य, आणि श्वेतकेतू, ते तू आहेस. 'तत्त्वमसि' या नावाने प्रसिद्ध झालेलं हे महावाक्य अध्यायात नऊ वेळा येतं. आणि शेवटची वेळ सोडली तर दर वेळी श्वेतकेतू एकच विनंती करतो: आणखी समजावून सांगा.

वडाखाली पडलेलं एक फळ आणायला उद्दालक सांगतो. ते फोड. आत काय दिसतं? बारीक बारीक बिया. त्यातली एक फोड. आत काय दिसतं? काहीच नाही. बाप म्हणतो, तुला जे दिसत नाही त्या सूक्ष्मातूनच हा एवढा मोठा वड उभा आहे. श्रद्धा ठेव.

झाड निवडलं तेही विचार करून. वडाचं फळ बोराएवढं, आतली बी मोहरीहूनही लहान, आणि तिच्यातून वाढणारं झाड पारंब्या टेकत टेकत एकराच्या वर पसरू शकतं. पक्ष्याच्या विष्ठेतून पडलेली हीच बी देवळाच्या शिखरात, विहिरीच्या कठड्यात, दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजते आणि दगड फोडते. आपल्या गावागावांत हे दृश्य आहे. दिसेल न दिसेल अशा कणात केवढी ताकद मावते, हे दाखवायला याहून योग्य झाड आपल्या भूमीत नाही.

पण 'काहीच नाही' या उत्तरात एक धोका होता. मुलगा म्हणू शकला असता, काहीच नाही तर मग असत्‌वाद्यांचंच खरं! बीच्या पोटात जे दिसत नाही ते नाहीच, असं मी का मानू नये? उद्दालकाने श्रद्धा ठेवायला सांगितलं, पण तिथे तो थांबला नाही. पुढचाच दृष्टान्त मिठाचा आहे. माझ्या मते तो या शंकेसाठीच आला आहे.

मीठही दिसत नाही. डोळ्याला नाही, हाताला नाही. डोळ्याच्या आणि हाताच्या साक्षीवर निकाल द्यायचा तर मीठ संपलं. पण जीभ सांगते की ते आहे, आणि वर, मध्ये, तळाशी सारखंच आहे. म्हणजे न दिसणं आणि नसणं या दोन वेगळ्या गोष्टी. एखादी गोष्ट सापडत नसेल तर ती नाही म्हणण्याआधी आपण ती योग्य इंद्रियाने शोधतो आहोत ना, हे पाहावं. सत् इथेच आहे, उद्दालक म्हणतो. तुला ते दिसत नाही एवढंच.

बीच्या दृष्टान्तात सत् आत, गाभ्यात होतं. मिठाच्या दृष्टान्तात ते सर्वत्र पसरलेलं आहे. पाण्याचा एकही घोट त्याच्यावाचून नाही. एका पावलात गाभा आणि पसारा एक झाले. परमतत्त्व कुठे आहे या प्रश्नाचं उद्दालकाचं उत्तर इथे पूर्ण होतं: कुठे नाही?

'आणखी सांगा'

मधमाश्या नाना झाडांचे रस आणून त्यांचा एकच मध करतात. मग त्यातला कुठलाच रस म्हणू शकत नाही की मी अमक्या झाडाचा. नद्या पूर्वेला वाहोत की पश्चिमेला, समुद्राला मिळाल्यावर मी अमकी नदी हे त्यांना उरत नाही. गाढ झोपेत माणूस असाच सत्‌मध्ये मिसळतो, म्हणून त्याला स्वतःचं नावगाव राहत नाही. दोरीला बांधलेला पक्षी दाही दिशांना उडून शेवटी दोरीच्या खुंटाशीच येऊन बसतो, तसं मन तिथे परततं. रोज रात्री आपण सगळे जिथे जातो आणि सकाळी ज्याची काहीही आठवण न घेता उठतो, ते ठिकाण हेच, असं उद्दालकाचं म्हणणं.

जिवंत झाडाच्या मुळावर घाव घातला तर चीक येतो, पण झाड जगतं. एखाद्या फांदीतून जीव निघाला की ती फांदी वाळते. मरतं ते जीव सोडून गेलेलं शरीर. जीव मरत नाही. मरणाच्या दारातल्या माणसाभोवती नातेवाईक जमून मला ओळखलंस का विचारतात. जोवर वाणी मनात, मन प्राणात, प्राण तेजात आणि तेज परम देवतेत लीन होत नाही, तोवर तो ओळखतो. ज्या क्रमाने सृष्टी उलगडली त्याच्याच उलट क्रमाने माणूस घरी जातो.

या साऱ्यांत गांधार देशाच्या माणसाचा दृष्टान्त वेगळा आहे. एखाद्याचे डोळे बांधून त्याला गांधारातून, म्हणजे आजच्या पेशावर-तक्षशिलेच्या मुलखातून, दूर आणून ओसाड जागी सोडून दिलं. तो दिशा न कळून ओरडतो. कुणी तरी त्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडतो आणि गांधार कुठल्या दिशेला ते सांगतो. मग तो गावोगाव वाट विचारत घरी पोचतो. गुरू भेटलेला माणूस असा असतो. इथे गुरू फक्त पट्टी सोडतो आणि दिशा दाखवतो. चालायचं त्यालाच आहे, वाट विचारायचीही त्यालाच. आणि तो जिथे निघाला आहे ते त्याचं स्वतःचंच गाव आहे.

शेवटचा दृष्टान्त त्या काळच्या न्यायदानातला. चोरीचा आरोप असलेल्याच्या हातात तापलेली कुऱ्हाड द्यायची. सत्य ज्याच्या बाजूने आहे तो भाजत नाही, खोटा भाजतो. तो न्याय आपण आज मान्य करणार नाही. पण अध्यायाचा शेवट सत्याच्या कसोटीवर व्हावा, हे लक्षात घेण्यासारखं आहे. सत् आणि सत्य हे एकाच मुळाचे शब्द. जे आहे त्याला धरून राहणं म्हणजे खरं वागणं.

एक वाक्य, अनेक घरं

या अध्यायावर पुढे जितका खल झाला तितका भारतात फार थोड्या मजकुरांवर झाला असेल.

पहिला वाद सांख्यांशी. सांख्य दर्शनाच्या मते जगाचं मूळ प्रधान किंवा प्रकृती, आणि ती जड आहे. चैतन्य वेगळ्या पुरुषांचं. मग उद्दालकाचं सत् म्हणजे ही जड प्रकृतीच का नसावी? बादरायणांच्या ब्रह्मसूत्रांत, पहिल्या अध्यायाच्या पहिल्या पादातल्या पाचव्या सूत्रात, याचं उत्तर एका क्रियापदावर तोललेलं आहे. त्या सत्‌ने 'पाहिलं', असं छांदोग्य सांगतं. पाहणारं जड असू शकत नाही. म्हणून जगाचं मूळ चेतन आहे. एका क्रियापदाने विश्वाच्या मुळाला जाग दिली.

दुसरा वाद वेदान्त्यांच्या आपसातला. आठव्या शतकाच्या सुमारास शंकराचार्यांनी मातीचा दृष्टान्त टोकापर्यंत नेला: माती तेवढी खरी, मडकं हे नाव आणि रूप. तसं ब्रह्म खरं आणि भेद भासमान. जीवाचं खरं स्वरूप ब्रह्मच. अकराव्या-बाराव्या शतकातल्या रामानुजाचार्यांना जग असं पुसून टाकणं मान्य नव्हतं. त्यांच्या मते जीव आणि जग हे ब्रह्माचं शरीर. 'तू' या शब्दाचा खरा रोख तुझ्या आत राहणाऱ्या परमात्म्याकडे आहे. तेराव्या शतकात मध्वाचार्यांनी शब्दांची फोडच बदलली. संधी सोडवताना मागच्या 'आत्मा' शब्दाच्या पुढे एक 'अ' दडलेला आहे, असं त्यांनी म्हटलं आणि वाक्याचा अर्थ झाला: ते तू नाहीस. त्यांचा आधारही दृष्टान्तच होते. पक्षी म्हणजे दोरी नव्हे, नदी म्हणजे समुद्र नव्हे. वल्लभाचार्यांनी सोनं आणि दागिन्यांच्या नात्यावर भर दिला: दागिना घडला तरी सोनं बदलत नाही, आणि दागिनाही खोटा नसतो. आपल्या काळातही हे संपलेलं नाही. व्याकरणाने 'तत्' आणि 'त्वम्' यांचं लिंग जुळत नाही, तेव्हा वाक्याचा अर्थ 'तू तसा आहेस' असा घ्यावा, असं संस्कृत अभ्यासक जोएल ब्रेरटन यांनी १९८६ साली मांडलं.

दोन-तीन शब्दांच्या वाक्यातून एकमेकांच्या उलट अर्थ निघावेत, हे पाहून कुणाला वाटेल की मग यात नक्की काही नाही. मला उलट वाटतं. माझं आणि या विश्वाचं नातं काय, हा प्रश्नच इतका मोठा आहे की त्याची सगळी प्रामाणिक उत्तरं एका घरात राहू शकत नाहीत. या परंपरेने एक मजकूर समोर ठेवला आणि त्याच्याशी भांडण्याचा हक्क आपल्या भाष्यकारांना दिला.

मिठाचा प्रवास

मिठाचा खडा उद्दालकाच्या भांड्यातच राहिला नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना पत्नी मैत्रेयीला तोच दृष्टान्त देतो. पाण्यात टाकलेला खडा पुन्हा उचलता येत नाही, पण पाणी जिथून घ्यावं तिथून खारटच. परमतत्त्वाचं वर्णन करायला कुठलाच शब्द पुरत नाही, म्हणून प्रत्येक वर्णनाला 'हे नव्हे, हे नव्हे' म्हणत पुढे जाणारी 'नेति नेति' ही रीत याच याज्ञवल्क्याची. परंपरेने तो उद्दालकाचा शिष्य आहे, आणि हे नातं दोघांच्या मिठात दिसतं. गुरू 'आहे' म्हणून दाखवतो, शिष्य 'हे नव्हे' म्हणत सोलत जातो. दोघं पोचतात त्याच चवीपाशी.

तिथून पुढे सुमारे दोन हजार वर्षांनी तो खडा मराठीत आला. योगी चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरं पत्र पाठवलं आणि त्याला उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी ६५ ओव्या लिहिल्या, त्या 'चांगदेव पासष्टी' म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांत मीठ पाण्याचा ठाव पाहायला निघतं आणि आत शिरताच स्वतःच उरत नाही. मग पाण्याचं माप घ्यायचं कुणी?

दृष्टान्त तोच, पण मिठाची भूमिका पालटली. उद्दालकाच्या भांड्यात मीठ म्हणजे परमतत्त्व होतं आणि ते शोधणारा श्वेतकेतू भांड्याबाहेर उभा होता. ज्ञानेश्वरांच्या ओवीत मीठ म्हणजे शोधणारा स्वतः. आता बाहेर कुणी उरलेलंच नाही. 'ते तू आहेस' हे वाक्य नऊ वेळा ऐकून श्वेतकेतूला जिथे पोचायचं होतं, तिथून ज्ञानेश्वर बोलायला सुरुवात करतात.

जवळ येऊन बसणं

अध्यायाच्या शेवटी उपनिषद इतकंच नोंदवतं की श्वेतकेतूला ते समजलं. कसं समजलं, त्याला काय दिसलं, याचं काहीही वर्णन नाही. इतक्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर मिळालेल्या माणसाचा चेहरा कसा झाला असेल, हे आपल्याला सांगितलेलं नाही.

पण बदल मजकुरातच आहे. पहिल्यांदा तो आला तेव्हा आपल्याला सगळं येतं या तोऱ्यात होता. त्याच्याजवळ विचारण्यासारखं काही नव्हतं. नंतर बी फोडून, मीठ चाखून, भुकेने विसरून आणि जेवून आठवून तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, आणखी सांगा. ज्या शिकवणीत आधी प्रश्न नव्हता तिथे प्रश्न जागा झाला.

मिठाच्या प्रसंगात बापाने शेवटी काय सांगितलं होतं, ते पुन्हा पाहू. ते पाणी टाकून दे आणि माझ्याजवळ ये. दृष्टान्ताचं काम संपलं, भांडं रिकामं झालं, चव जिभेवर राहिली. 'उपनिषद' या शब्दाची फोड परंपरेने उप, नि आणि सद् अशी केली आहे: जवळ, खाली, बसणे. ताठ मानेने घरी आलेला मुलगा त्या सकाळी हातातलं भांडं रिकामं करून वडिलांजवळ खाली बसला. त्याच्या ओठांवर अजून मीठ होतं.